पाझर तलावाच्या गाळात जिवंत कासवं निघताहेत: कोणती आहेत, आणि पाऊस पडेपर्यंत काय करायचं?

गिरणाकाठ (प्रश्न)

गिरणेच्या खोऱ्यातला जुना पाझर तलाव, एप्रिलमध्येच आटला. सध्या गाळ काढणं सुरू आहे. एक जेसीबी, सहा ट्रॅक्टर, गाळ शेतात चाललाय. वरचा भेगाळलेला थर निघाला की दीड-दोन फुटांवर ओल लागते आणि तिथं कासवं सापडताहेत. तीन दिवसांत सात.

वर्णन: लांबी वीतभर, एक-दोन जरा मोठी. पाठ घुमटासारखी, पण खवले नाहीत, चामडं ताणून बसवल्यासारखी गुळगुळीत. रंग शेवाळी-तपकिरी, पोट पांढरट. डोकं-पाय आत ओढलेले, हालचाल जवळजवळ नाही. एकाच्या पाठीवर बकेटच्या दाताची जखम आहे. काठाच्या मातीत पाच अंडीही निघाली, पांढरी, गोल, लिंबापेक्षा लहान.

गावात मतं अनेक. कुणी म्हणतं गिरणा धरणाच्या पाण्यात नेऊन सोडा, कुणी म्हणतं शेजारच्या प्लास्टिकच्या शेततळ्यात टाका, पावसात बाहेर काढू. एकानं मोबाइलवर मड टर्टलचे फोटो दाखवले, म्हणे तीच ही. काम पावसाआधी संपवायचंय, थांबवता येणार नाही. नेमकं करायचं काय?

---

कवचपारखी

आधी ओळख. मोबाइलवरची मड टर्टल ती नाहीत. ती किनोस्टर्नॉन या प्रजातीची, अमेरिका खंडातली, आपल्याकडे नाहीतच. त्यांच्या पाठीवर कठीण खवले असतात आणि पोटाच्या कवचाला दोन बिजागऱ्या. पाणी आटलं की तीही चिखलात शिरतात, साम्य तेवढंच. कुळ वेगळं.

तुमचं वर्णन लिसेमिस पंक्टाटाचं, म्हणजे इंडियन फ्लॅपशेल या झडपांच्या मऊ पाठीच्या कासवाचं आहे. ओळख पक्की करायला एकाला हळूच उचलून खालून बघा. मागच्या पायांपाशी दोन्ही बाजूंना चामड्याच्या झडपा दिसतील. पाय आत घेतला की झडप बंद होते. पोटाच्या कवचाचा पुढचा भागही वर उचलला जातो, म्हणजे डोक्याकडचं दारही लागतं. आपल्याकडच्या मऊ पाठीच्या इतर कासवांना ही सोय नाही. नाक छोट्या नळीसारखं पुढं आलेलं, प्रत्येक पायाला तीनच नखं. पाठीच्या मागच्या कडेला कातड्याखाली हाडांच्या बारीक चकत्या बोटाला लागतात. उत्तरेकडच्या याच जातीच्या अंगावर पिवळे ठिपके असतात, आपल्याकडची साधी, फार तर डोक्यावर पुसट रेघा. मादी मोठी, ३० सेंमीच्या पुढंही जाते. नर लहान, पण शेपूट लांब आणि जाड.

गल्लत होऊ शकते अशी आणखी तीन:

कवच कठीण, काळपट आणि पाठीवर लांबीच्या दिशेनं तीन कणे असतील तर ते मेलानोकेलिस ट्रायजुगा, काळं तळ्यातलं कासव. त्याच्या नावातच तीन कणे आहेत.

पाठ चपटी, अंग मोठं, मान लांब आणि स्वभाव तापट असेल तर लीथचं मऊ पाठीचं कासव, निल्सोनिया लीथिआय. हे अर्ध्या मीटरच्या पुढं वाढतं. नद्यांचं आणि मोठ्या धरणांचं कासव आहे, आज अतिसंकटग्रस्त यादीत. ते दिसलं तर काम तिथंच थांबवा आणि वन विभागाला कळवा.

डोळ्यामागं लाल पट्टा असेल तर ते बाजारातलं परदेशी पाळीव पिल्लू, कुणीतरी मोठं झाल्यावर आणून टाकलेलं. ते कुठल्याच पाण्यात परत सोडायचं नाही.

---

ओलमाती

ओळख बरोबर आहे. आता मुख्य गोष्ट. ही कासवं अडकलेली नाहीत आणि तहानेनं मरतही नाहीत. ती उन्हाळा काढायलाच तिथं शिरली आहेत.

पाणी आटत आलं की लिसेमिस ओल शेवटपर्यंत टिकेल अशी जागा धरतं आणि गाळात उतरतं. आत गेल्यावर शरीराचं सगळं काम मंदावतं. खाणं बंद, अंगातल्या चरबीवर महिने निघतात. झडपा लावून घेतल्या की कातड्यातून पाणी उडणं कमी होतं. श्वास फुफ्फुसानं, मातीच्या भेगांमधून येणाऱ्या हवेवर. काळी माती आटली की उभ्या भेगा पडतात हे आपण शेतीचं नुकसान म्हणून बघतो. या प्राण्याच्या त्या हवेच्या नळ्या आहेत. जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असतो तेव्हा दीड-दोन फूट खालची माती वरच्यापेक्षा खूप गार असते.

म्हणून धरणात सोडण्याचा विचार सोडून द्या. पाण्यात असताना हे कासव थोडा प्राणवायू कातड्यातून आणि घशाच्या अस्तरातून घेतं हे खरं. पण कोमट पाण्यात प्राणवायू कमी आणि गरज जास्त, तेवढ्यावर भागत नाही. त्याला वर येऊन श्वास घ्यावाच लागतो. गाळातून नुकतं काढलेलं, सुस्त कासव खोल पाण्यात टाकलं तर ते तळाशी जातं आणि वर येण्याइतका जोर नसेल तर बुडतं. लोकांना वाटतं कासव कसं बुडेल! बुडतं.

दुसरं कारण, त्याला हा तलाव ठाऊक आहे. कुठं ओल राहते, कुठं अंडी घालायची, पाणी कुठून येतं. परक्या पाण्यात नेलं की ते जमिनीवरून वाट काढत परत निघतं आणि रस्त्यावर चिरडतं.

---

तापीचाभाऊ

अहिराणीत एका ओळीत सांगतो: भाऊ, त्याले पानीमा टाकू नका, गारामाच (चिखलातच) ऱ्हाऊ द्या.

एका गोष्टीत मात्र थोडा फरक करीन. जे कासव उन्हात तास-दोन तास उघडं पडलंय, डोळे आत गेलेत, पायाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते, त्याला पाणी लागतंच. घमेल्यात हनुवटीपर्यंतच पाणी, नाक कायम वर, घमेलं सावलीत, २०-३० मिनिटं, माणूस जवळ बसलेला. मग ओल्या मातीत. ठणठणीत कासवाला याची गरज नाही, उगाच झोप मोडते आणि साठवलेली ताकद जाते.

---

ओलमाती

मान्य. मी "पाण्यात सोडू नका" म्हटलं ते खोल पाण्याबद्दल.

---

बांधकोर

आता जेसीबीचं बोलू, कारण कासवं मरतात ती तिथं.

पूर्ण तलाव खरवडायची गरज नसते. पाणी ज्या बाजूनं तलावात शिरतं त्या तोंडाशी आणि जिथं बेशरम, पाणकणीस किंवा लव्हाळ्याची मुळं आहेत तिथं किमान १० फुटांचा पट्टा सोडा. गाळ तिथं तसाही मुळांनी बांधलेला आणि शेताला कमी उपयोगाचा. चुन्यानं रेघ मारा. नुसतं तोंडी सांगितलं तर रात्रपाळीचा चालक पट्टाही उचलून नेतो.

बाकी भागात एका घावात तीन फूट खोल बकेट घालणं हीच चूक. दातांखाली काय आहे हे दिसतच नाही. अर्ध्या फुटाचा थर ओढत मागे यायचं आणि बकेटच्या बाजूला, यंत्राच्या आवाक्याबाहेर, एक माणूस नजर ठेवून उभा. कोरड्या वरच्या थरात वेग ठेवा. ओल दिसायला लागली की हळू. सगळ्यात खोल खड्ड्यातला गाळ शेवटी घ्या, कारण शेवटी ओल तिथंच उरते आणि सगळ्यात जास्त कासवं तिथंच. त्या भागात शक्य असेल तर बकेट न लावता चार माणसं फावड्यानं घाला, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

सोडलेल्या पट्ट्यावर ट्रॅक्टर उभे करू नका. भरलेल्या ट्रॉलीखाली ओला गाळ दाबला जातो, भेगा बुजतात आणि आतल्या कासवाची हवा बंद होते. वरून काहीच दिसत नाही.

शेतात गाळ टाकणाऱ्यांनाही सांगा. कासव गाळासोबत ट्रॉलीत जातं, ढिगात पडून राहतं आणि चार दिवसांनी पात्याखाली येतं. ढीग पसरवण्याआधी फावड्यानं फोडून बघा. तीन दिवसांत खड्ड्यात सात दिसली असतील तर एक-दोन शेतात पोचली असणार.

---

गिरणाकाठ

चुन्याची रेघ आजच मारतो. पण काढलेली सात ठेवायची कुठं? सध्या एका ड्रममध्ये पाणी टाकून ठेवलीत.

---

ओलमाती

ड्रममधून लगेच काढा! उभ्या भिंतीच्या ड्रममध्ये सात एकमेकांवर चढतात, चावतात, खालची दमतात. प्रत्येकाला वेगळं घमेलं किंवा क्रेट, तळाला ओलं गोणपाट, वर दुसरं गोणपाट, सावलीत. पाणी नको.

उचलताना कवचाच्या मागच्या अर्ध्या भागाला दोन्ही बाजूंनी धरा. मान दिसते त्यापेक्षा लांब असते आणि बाजूच्या हातापर्यंत पोचते. शेपटीनं उचलायचं नाही, मणका दुखावतो. उताणंही ठेवायचं नाही. नंतर हात साबणानं धुवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा जंतू असू शकतो आणि जेवणाच्या डब्यांपर्यंत तो हातानंच जातो.

मग त्याच तलावात, सोडलेल्या पट्ट्यात, सावलीच्या बाजूला एक खड्डा घ्या. साधारण ६ बाय ४ फूट, अडीच फूट खोल. एक बाजू उतरती हवी, चारी भिंती उभ्या नकोत. त्यात त्याच तलावाचा ओला गाळ दोन फूट भरा. सैल टाका, धुमसायचा नाही. संध्याकाळी ऊन उतरल्यावर कासवं वर ठेवा. हातानं पुरू नका, ती स्वतः शिरतात. आपण पुरलं तर नाक कुठं येईल ते आपल्याला कळत नाही, त्याला कळतं.

सकाळपर्यंत जे आत गेलं नाही ते अशक्त किंवा जखमी समजा आणि वेगळं काढा. वरून बाभळीच्या काट्या टाका. कुत्री आणि रानडुकरं ताज्या उकरलेल्या मातीचा वास काढतात. तीन-चार दिवसांनी संध्याकाळी दोन-तीन बादल्या पाणी शिंपडा, वरचा थर ओला होईल इतकंच. खड्डा पाण्यानं भरला तर ती बाहेर येऊन भटकू लागतील.

मेल्यासारखं दिसणारं फेकू नका. डोळ्याच्या कोपऱ्याला ओल्या काडीनं स्पर्श करा, मागचा पाय हलकेच ओढा. किंचित जरी मागे घेतला तरी जिवंत. काहीच झालं नाही तरी रात्रभर सावलीत ठेवा. दुर्गंधी सुटली, कातडी सुटायला लागली, तेव्हाच मेलं म्हणायचं.

---

गोठापशू

जखमेबद्दल. ओरखडा फक्त कातड्यात असेल तर सलाइननं (०.९ टक्के, मेडिकलमध्ये बाटली मिळते) माती धुऊन काढा, मग पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. ओलसर स्वच्छ गोणपाटावर, माश्या बसणार नाहीत अशा जाळीखाली ठेवा. या उन्हात उघड्या जखमेत एका दिवसात अळ्या पडतात, त्यामुळे जाळी औषधाइतकीच महत्त्वाची. जखमी कासव गाळाच्या खड्ड्यात घालायचं नाही.

हे करू नका: हळद, ग्रीस, जळकं ऑइल, एम-सील, फेव्हिक्विक. भेग वरून बंद केली की आत घाण कोंडते आणि कवचाखाली पू होतो. कवच हे हाडच आहे, वर फक्त कातडं. हाड फुटून आत ओलसर गुलाबी भाग दिसत असेल, श्वासाबरोबर जखमेतून फेस येत असेल, तर फुफ्फुसापर्यंत इजा आहे. तेव्हा धुवायचंही नाही, पाणी आत जाईल. नुसती कोरडी गॉज ठेवून वन विभागामार्फत पशुवैद्यकाकडे.

आणखी एक, मासेमारीचा गळ गिळलेलं कासव सापडलं तर दोरी ओढू नका. तोंडाबाहेर वीतभर दोरी ठेवून कापा. त्या दोरीवरूनच डॉक्टरला गळ शोधता येतो.

---

कवचपारखी

अंड्यांचं कुणी बोललं नाही, आणि तिथं घाई जास्त आहे.

गोल, कडक कवचाची, साधारण तीन सेंमीची अंडी म्हणजे बहुधा याच जातीची. काळ्या तळ्यातल्या कासवाची लांबट असतात. लिसेमिस पाऊस ओसरल्यावर काठाच्या, पाण्याच्या रेषेच्या वरच्या मातीत अंडी घालतं. एका वेळी दोनपासून चौदापर्यंत, वर्षात दोन-तीन वेळा. ती आत महिनोन्‌महिने राहतात आणि पिल्लं साधारण पुढच्या पावसाच्या तोंडावर निघतात. म्हणजे आज मे महिन्यात सापडलेलं अंडं रिकामं नसेल, आत पिल्लू जवळजवळ तयार असू शकतं.

नियम एकच: फिरवायचं नाही. गर्भ वरच्या बाजूला चिकटलेला असतो, अंडं उलटलं की तो सुटतो किंवा दाबून मरतो. ज्या स्थितीत दिसतंय तसंच असताना वरच्या टोकाला शिसपेन्सिलीनं खूण करा. पेन किंवा मार्कर नको. घरटं शाबूत असेल तर हातच लावू नका, माती परत झाका, चुन्यानं वर्तुळ करा. घरटं फुटलंच असेल तर पसरट टबात त्याच जागेची ओलसर माती चार बोटं, त्यावर अंडी खूण वर ठेवून, एकमेकांना न लागता, वर पुन्हा चार-पाच बोटं माती. टब सावलीत. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतकीच ओल. मग वन विभागाच्या ताब्यात द्या.

मगरींत आणि बऱ्याच कासवांत मातीच्या तापमानावर नर-मादी ठरतात. मऊ पाठीच्या कुळात ते गुणसूत्रांवर ठरतं. त्यामुळे टब थोडा गार-गरम झाला तर सगळे नरच निघतील ही भीती इथं नाही. जास्त तापला तर मरतील, ती भीती आहे.

---

केळीबाग_रावेर

शेततळ्याचा पर्याय कुणी निवडू नये म्हणून लिहितो. ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, उतार सरळ, वर शेवाळाची बुळबुळ. कासवाला वर येताच येत नाही. बसायला जागा नाही, चिखल नाही, खायला काही नाही. पोहून पोहून दमतं. पावसात बाहेर काढू म्हणणारे पावसात पेरणीला लागतात.

ज्यांच्या शेततळ्यात आपणहून कासव येतं त्यांच्यासाठी: जुनं शेडनेट किंवा काथ्याची चटई तीन फूट रुंद, काठापासून तळापर्यंत सोडा. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन. वरचं टोक वाळूच्या पोत्यांखाली दाबा, खिळा-खुंटी मारली तर कागद गेला. खालचं टोक तरंगू नये म्हणून त्यात दोरीनं वीट बांधा, तीही गोणपाटात गुंडाळून. या चटईवरून मुंगूस, साप, खारी सगळ्यांचीच सुटका होते. शेडनेटची वीण घट्ट हवी. मोठ्या भोकांची जाळी वापरलीत तर कासवाची मान आणि पाय त्यातच अडकतात.

आत येऊच नये असं वाटत असेल तर कुंपणाच्या जाळीच्या खालच्या फूटभर भागाला जुन्या कागदाची पट्टी लावा आणि कडा मातीत चार बोटं गाडा. कासवं जाळीखालून शिरतात, वरून नाही. बिनकठड्याच्या विहिरीचं वेगळं सांगायला नको.

मत्स्यबीज खातात अशी तक्रार असते. गोगलगाय, बेडूकमासे, किडे, पाणवनस्पती आणि मेलेले मासे हे याचं मुख्य खाणं. चपळ बोटुकली पकडण्यापेक्षा तळाला गेलेली मेलेली उचलणं याला सोपं. पाणी कुजत नाही हा फायदा आपलाच.

---

सातबारा

कायद्याचं थोडक्यात. हे कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पकडणं, बाळगणं, विकणं याला किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत कैद आणि किमान २५ हजार दंड. यंत्राच्या वाटेतून उचलून त्याच तलावात बाजूला ठेवणं वेगळं आणि घरी ड्रममध्ये आठवडा ठेवणं वेगळं. तेव्हा आजच वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा वनरक्षकाला कळवा, सापडलेली संख्या सांगा, जखमी आणि अंडी त्यांच्याकडे सोपवा. ग्रामपंचायतीत एक साधी नोंद ठेवली तर पुढं कुणी शंका घेत नाही.

आणि गावात सात कासवांची बातमी पसरली की कुणीतरी नखं मोजायला येतोच. २१ नखांचं कासव, पैशांचा पाऊस वगैरे. यांना मोजूनच दाखवा: चार पाय, तीन-तीन नखं, बारा. कठीण पाठीच्या तळ्यातल्या कासवाला सहसा पुढं पाच-पाच, मागं चार-चार, अठरा. एकविसावं नख चिकटवलेलं असतं. असल्या प्रकाराला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागतो. तलावाची जागा गावच्या ग्रुपवर फोटोसकट टाकू नका. ही विनंती धाग्यातल्या सगळ्यांनाच.

---

गिरणाकाठ

सातही ड्रममधून काढली. पट्टा आखला, खड्डा घेतला, सहा रात्रीतून आत गेली. जखमी एक आणि अंड्यांचा टब सकाळी वनरक्षक घेऊन गेले. शेतातल्या ढिगात खरंच एक निघालं. आता शेवटचा प्रश्न: पहिला पाऊस पडला की खड्डा उकरायचा का?

---

ओलमाती

नाही. काट्या तेवढ्या काढा. तलावात पाणी यायला लागून खड्ड्यावर चढलं की ती एक-दोन रात्रींत आपणहून निघतात. वळवाच्या एका सरीनं निघणार नाहीत, निघालीच तर परत आत जातात. फक्त उतरती बाजू पाण्याच्या दिशेला मोकळी आहे ना, तेवढं बघा. आणि पहिल्या जोरदार पावसानंतर दोन-तीन दिवस काठाच्या रस्त्यावर ट्रॅक्टर सकाळी जरा जपून चालवा, साडेतीन-चार सेंमीची पिल्लं तेव्हाच बाहेर पडतात.